पैलवान, मास्तर आणि अर्धा कोयता

आमच्या कंपनीच्या दप्तरात माझ्याबद्दल पाच शब्द लिहून ठेवलेले आहेत : ‘खरेदीत घासाघीस जास्त, अभ्यास कमी.’ लिहिणारे खरेदी समितीचे अध्यक्ष. कुणी विचारत नसतानाही हे मी सांगतो, कारण गेली दोन वर्षं हे पाच शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते. ते काढायला मला राहात्याला आणि शेवगावला जावं लागलं.

शिर्डीला जाणारी माणसं राहात्यातून जातात, राहात्याला जात नाहीत. शेवगावला तर काम असल्याशिवाय कुणी जात नाही. मीही कामानंच गेलो. पण असल्या कामासाठी या दोन्ही गावांना माझ्याआधी कुणी गेलं असेल असं वाटत नाही.

माझं काम सर्व्हर विकत घेण्याचं. सर्व्हर म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड नसलेला कॉम्प्युटर, चपट्या लोखंडी खोक्यातला. असे हजारो खोके एका छपराखाली रचले की डेटा सेंटर होतं. तुमच्या पुतणीच्या लग्नाचे फोटो ‘क्लाउड’मध्ये आहेत म्हणतात, म्हणजे ढगात. ढगात काही नसतं. असल्याच एखाद्या छपराखाली असतं. खोका एकदाच विकत घ्यायचा. वीज मात्र तो रोज मागतो. जेवढी वीज पितो तेवढी उष्णता ओकतो, आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज. म्हणून एका खोक्यात जरा जास्त वाटणारी वीज हजारो खोक्यांत एखाद्या गावाला पुरेल एवढी होते.

दोन वर्षांपूर्वी समितीनं माहितीपत्रकातले आकडे बघून एक यंत्र पसंत केलं. मी फक्त भाव पाडून दिला, आणि तो असा पाडला की विकणारा रडकुंडीला आला. मग उन्हाळा लागला. खोक्यांतले पंखे बोंबलायला लागले, विजेचं बिल फुगलं, आणि समितीला एकदम आठवलं की कागदावर सही भिंगारदिव्यांची, म्हणजे माझी आहे. तेव्हा ते पाच शब्द. मी भिंगारच्या बाजारात भंगारातले कॉम्प्युटर खोलून धंदा शिकलेला माणूस. मला कुणी महागात घेतलं म्हणालं असतं तर एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण अभ्यास कमी?

या वेळी कंपनीला नगर जिल्ह्यातच नवं सेंटर उभं करायचं होतं. एसी जवळजवळ नाही. बाहेरचीच हवा गाळून आत घ्यायची. जागा दोन बघून ठेवलेल्या, एक राहात्याजवळ, दुसरी शेवगावजवळ. मी समितीत टेबलावर हात आपटून सांगितलं, ‘‘माहितीपत्रकाला घाम येत नाही. यंत्र त्याच हवेत, एप्रिलच्या उन्हात चालवून बघू.’’

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, ‘‘बघा. सोमवारपर्यंत एक नाव द्या. आणि भिंगारदिवे, या वेळी चुकलं तर खरेदी दुसऱ्याकडे जाईल.’’

खुर्ची गेली असती तर मी दुसरी मिळवली असती. पण मग ते पाच शब्द खरे ठरले असते.

गुरुवार, सावेडी

आमचं चाचणीचं छोटं ऑफिस सावेडीत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या इंजिनिअर सुजाता गायकवाड वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण मी त्यांना मॅडमच म्हणतो. दोन कंपन्यांचे दोन नमुने आले होते. पहिला दांडगा, दोघांनी उचलावा असा, समोर निळे दिवे आणि चकचकीत जाळी. दुसरा तसाच लांब-रुंद पण अंगानं बारीक. पुढे ना दिवा ना नक्षी. खाली टेम्पो घेऊन आलेल्या रज्जाकभाईंनी दोघांकडे बघितलं आणि जागच्या जागी बारसं केलं. ‘‘ह्यो पैलवान. आन ह्यो मास्तर. बगा की, पगार न झाल्यासारखा दिसतोय.’’

चाचणी साधी होती. दोघांना आमच्या ग्राहकांसारखंच काम द्यायचं, दोन तास पूर्ण ताकदीनं करू द्यायचं, आणि एका युनिट विजेत कुणी किती काम उरकलं ते मोजायचं. मॅडम लॅपटॉप उघडत म्हणाल्या, ‘‘सर, मास्तरमध्ये एक गोष्ट आहे...’’

‘‘गोष्टी नंतर, मॅडम. हा एक नग, तो एक नग. एका नगावर एक काम लावा. नगाला नग! कुणाला झुकतं माप नको.’’

‘‘हो, पण नग म्हणजे...’’

‘‘नग म्हणजे नग!’’ माझा आवाज चढला. बाजारात मी हा शब्द तीस वर्षं वापरतोय. मॅडमनी मुकाट्यानं एक डायरी काढली, त्यात काहीतरी टिपलं, आणि कळ दाबली.

पैलवान थोडा पुढे निघाला. मी खूष झालो, कारण पैलवानाच्या विक्रेत्याशी माझं चांगलं भांडण जमतं.

जेवून निघालो. सर्व्हर टेम्पोत गाद्यांवर, त्यांवर गोधड्या, आणि पुढे आम्ही तिघं दाटीवाटीनं. मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मी लिहिणार नाही. गोधड्या होत्या म्हणून यंत्रं वाचली, आम्हाला मात्र गोधड्या नव्हत्या. राहुरीच्या पुढे एका रसवंतीवर थांबलो. चरकाला घुंगरं बांधलेली, छनछन ऐकून दोन ट्रकवाले आमच्या मागोमाग थांबले. मी म्हणालो, ‘‘रस निघायला घुंगरं कशाला लागतात?’’

‘‘घुंगरू रस काढत न्हाई साहेब,’’ रज्जाकभाई ग्लास तोंडाला लावत म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक काढतं.’’

मी ग्लास खाली ठेवला आणि तिथूनच पैलवानाच्या विक्रेत्याला फोन लावला. ‘‘ते निळे दिवे आणि जाळी काढून द्या. बंद छपराखाली कोण बघणार आहे? दिवे वीज खातात आणि जाळी हवा अडवते.’’ तो म्हणाला, ती कंपनीची ओळख आहे. मी म्हणालो, ओळख तुमच्या ऑफिसात ठेवा. मॅडम मध्येच म्हणाल्या, ‘‘सर, मास्तरला तसंही काही नाही, आणि त्याच्या आत...’’ मी हातानं थांबा म्हणून सांगितलं. फोनवर मी जिंकत होतो. त्यांनी पुन्हा डायरी काढली.

शुक्रवार, राहाता

राहात्याची हवा नगरच्या माणसाला वेगळीच लागते. कालव्याचं पाणी, पेरूच्या बागा, आणि सकाळी घराबाहेर पडलं की ओल्या मातीचा वास. नगरला एप्रिलमध्ये पाण्याचा वास फक्त टँकरला येतो. बोलणंही पाण्यासारखं सावकाश. बाजारात मी एका बाईशी खरबुजावरून हुज्जत घातली. ती तितकीच शांत राहून म्हणाली, ‘‘घ्या नायतर ऱ्हाऊ द्या, दादा. दुपारपतोर मीच खाईन.’’ असल्या माणसाशी घासाघीस करता येत नाही. मी दोन घेतली.

फळं भरायच्या एका रिकाम्या शेडमध्ये आमची सोय होती. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजू उघड्या. दुपारी उन्हाचा तडाखा वाढला तशी यंत्रं सुरू केली. तासाभरात पैलवानाचे पंखे असे घोंघावायला लागले की शेजारचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. त्याची वीज चढली, काम जरासं मंदावलं. मास्तर आपला शांत. पण हिशेब केला तर पैलवान अजूनही नखभर पुढेच.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. काखेत डबा. ‘‘गिरनी आत्ता चालू झाली व्हय? सकाळधरनं लाईट न्हवती म्हनून बसले हुते.’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘आजी, ही गिरणी नाही. हे कॉम्प्युटर आहेत.’’

म्हातारीनं पैलवानाकडे बघितलं, मग आमच्याकडे. ‘‘एवढी बोंब मारतंय आन पीठ न्हाई?’’

‘‘नाही, आजी.’’

‘‘मग कशाला चालू ठिवलंय?’’ असं म्हणून ती डबा घेऊन चालती झाली. माझ्या सगळ्या समितीला इतका नेमका प्रश्न दोन वर्षांपूर्वी सुचला नव्हता.

संध्याकाळी मॅडमनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ‘‘सर, मला वाटतं आपण मास्तरवर अन्याय...’’ त्या दिवशी उन्हानं माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हणालो, ‘‘मॅडम, न्याय-अन्याय कोर्टात. इथे नगाला नग.’’ त्यांनी खरबूज कापायला घेतलं. तो मी माझा विजय समजलो. त्या मात्र खरबुजाची फोड खात डायरीत लिहीत होत्या.

शनिवार, शेवगाव

श्रीरामपूर, नेवासा करत शेवगावकडे निघालं की हिरवा रंग एकेक करून उतरत जातो. शेवटी बाभळी, उघडी शेतं आणि वाऱ्यावर गोल फिरणारी धूळ एवढंच उरतं. तिथली हवा कोरडी, भाजकी, ओठ फुटतात. पण गावात शिरल्या शिरल्या तीन घरांतून पाणी विचारलं गेलं. राहात्यात पाणी इतकं आहे की कुणी विचारत नाही. इथं कमी आहे, म्हणून आधी तेच पुढं करतात.

आमची चाचणी कापसाच्या एका जुन्या गोदामात होती. राखणीला आश्रुबा आणि त्यांची बायको गयाबाई. आश्रुबा ऊसतोडीचे मुकादम. दिवाळीनंतर टोळी घेऊन कारखान्याला जातात, उन्हाळ्यात गावी परततात. चाचणी लावून आम्ही गोदामाच्या सावलीत बसलो. गयाबाईंनी हुलग्याचे शेंगोळे वाढले, सोबत शेंगदाण्याचा ठेचा. मी नगरच्या खानावळीत पुष्कळ तिखट पचवलेलं आहे. या ठेच्यानं माझ्या कानांतून वाफ काढली. रज्जाकभाई म्हणाले, ‘‘साहेब, तुमचेबी पंखे चालू झाले.’’

पाणी पिऊन मी विषय बदलला. ‘‘आश्रुबा, पुढच्या हंगामाची टोळी जुळली का?’’

‘‘जुळतीय. धा कोयते झाले. आनखी दोन पायजेत.’’

‘‘म्हणजे बारा माणसं.’’

गयाबाईंच्या हातातला पळा तिथंच थांबला. ‘‘नगरचे ना तुमी? आन कोयता ठावं न्हाई?’’

‘‘कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार.’’

‘‘हत्यार ते हत्यार. पर टोळीत एक कोयता म्हंजे नवरा-बायकूची जोडी. ह्यो तोडतो, मी मोळ्या बांदते, गाडीत भरते. बारा कोयते म्हंजे चोवीस मानसं.’’

‘‘आणि एकटाच गडी आला तर?’’

‘‘तर आर्दा कोयता,’’ आश्रुबा म्हणाले. ‘‘न्हाई परवडत. आवो, आर्द्या कोयत्यालाबी ऱ्हायला खोपी आख्खीच लागती. चूल आख्खीच, पान्याची फेरी आख्खीच. काम मातर निम्मं. बरं, तुमी म्हनाल दांडगा गडी घ्यावा. दांडगा गडी पौषात ऊस आडवा पाडतो, चैतात धाप टाकतो. म्या दंडाकडं न्हाई बघत, जोडीचा मेळ बघतो. एका चुलीवर दोघं किती टन टाकत्यात, येवढंच बघायचं.’’

शेंगोळ्याचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. आख्खी खोपी, आख्खी चूल, निम्मं काम. मी हळूच मान वळवली. सुजाता मॅडम ताटाकडे बघत होत्या, पण ओठ दाबून.

‘‘मॅडम,’’ मी विचारलं, ‘‘मास्तरच्या पोटात किती आहेत?’’

‘‘दोन, सर.’’

‘‘दोन काय?’’

‘‘दोन पूर्ण सर्व्हर. वीज घेण्याची पेटी आणि पंखे दोघांत मिळून एकच. म्हणूनच तो कमी वीज खातो. पण आपण कामाला एकालाच लावलंय. दुसरा तीन दिवस नुसता बसून वीज पितोय.’’

‘‘मागच्या बाजूला दोन-दोन जोडण्या दिसत होत्या. मला वाटलं एक राखीव.’’

‘‘माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर आहे, सर.’’

दुसरं पान! मी पहिल्या पानावर भाव बघितला होता आणि शेवटच्या पानावर वॉरंटी. मधली पानं विक्रेता भरतीला घालतो असा माझा तीस वर्षांचा समज.

‘‘मग सांगितलं का नाही?’’ मी ओरडलो.

मॅडमनी डायरी उघडून माझ्यासमोर धरली. स्वच्छ अक्षरात तीन ओळी होत्या. सावेडी, सांगायचा प्रयत्न एक. रसवंती, प्रयत्न दोन. राहाता, प्रयत्न तीन. तिसऱ्यापुढे कंसात : ‘कोर्टात’.

‘‘शेवटी मला वाटलं, तुम्हाला मुद्दामच अर्धा चालवून बघायचा असेल. भावासाठी काही डाव असेल.’’

मी उठलो. राग अनावर झाला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. विक्रेत्यानं फसवलं नव्हतं. समिती इथं नव्हती. मॅडमनी तर तीनदा सांगितलं होतं. मी गोदामाला एक चक्कर मारली, परत आलो, दुसरी मारली.

‘‘साहेब,’’ रज्जाकभाई म्हणाले, ‘‘ज्याला शोधताय तो तुमच्याच चपलेत उभा हाय.’’

गयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आश्रुबा हसले. मग मॅडमही. मी बराच वेळ हसलो नाही; पण ठेचा अजून जिभेवर होता आणि तोंड उघडंच ठेवावं लागत होतं, त्यामुळे मी हसतोय असंच सगळ्यांना वाटलं. पाच शब्दांतले शेवटचे दोन खरे निघाले होते, आणि ते शोधून काढायला माझा मीच आलो होतो.

‘‘दुसऱ्याला उठवा,’’ मी म्हणालो. ‘‘पहिल्यापासून मोजू.’’

मॅडमनी लॅपटॉपवर मास्तरच्या दोन्ही अर्ध्यांना काम दिलं. दुपारचा वारा धुळीसकट गोदामातून फिरत होता. पैलवान राहात्याहून मोठ्यानं बोंबलत होता. एकदा तर दम खायला मंदावलासुद्धा. मास्तरचाही आवाज वाढला, पण बोलता येईल इतकाच. दोन तासांनी आकडे आले. मी आधी ते मॅडमकडून वाचून घेतले, मग स्वतः वाचले, मग रज्जाकभाईंना वाचायला लावले. मास्तर पुढे होता, आणि नखभर नव्हे, चांगला हातभर.

गयाबाईंनी मास्तरच्या बारीक अंगाकडे बघून विचारलं, ‘‘ह्यात दोगं मावत्यात?’’

‘‘मावतात.’’

‘‘भांडत न्हाईत?’’

‘‘अजून तरी नाही,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘मग जोडी चांगली हाय. घ्या.’’

रविवार, पुन्हा राहाता

ठरल्याप्रमाणे करंजीच्या घाटानं सरळ नगरला जायचं होतं. पण राहात्याचा आकडा अर्ध्या कोयत्याचा होता आणि सोमवारी मला अर्धा कागद द्यायचा नव्हता. रज्जाकभाईंनी कुरकुर केली. मी त्यांना मिसळ कबूल केली. त्यांनी मिसळीवर ताक चढवलं. माझ्याकडून जास्तीचं काढणारा हा एकच माणूस जिल्ह्यात आहे.

त्याच शेडमध्ये, त्याच वेळेला, आधी फक्त मास्तरला, दोन्ही अर्ध्यांसकट, चालवलं. म्हातारी डबा घेऊन दारात. जरा वेळ कान देऊन उभी राहिली. ‘‘आज बंद का गिरनी?’’

‘‘चालू आहे, आजी,’’ मी म्हणालो. ‘‘आवाज नाही म्हणून कळत नाही.’’

‘‘मग पीठ?’’

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी आकडा दाखवला. ‘‘पीठ पडतंय, आजी,’’ मी म्हणालो. ‘‘भरपूर पडतंय.’’

तिनं विश्वास ठेवला नाही, पण जाताना ओट्यातून मूठभर शेंगा आमच्या टेबलावर ठेवल्या.

सोमवार

कागद मी स्वतः लिहिला. मास्तरचं नाव दिलं. दोन्ही गावांचे आकडे दिले, उन्हाचे वेगळे, धुळीचे वेगळे. आधीची चूक काय होती तेही लिहिलं, आणि ती सुजाता गायकवाड यांच्या ध्यानात पहिल्याच दिवशी आली होती, हेही. तक्त्यात जिथं नेहमी ‘नग’ असतं तिथं मी ‘कोयते’ लिहिलं.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. ‘‘भिंगारदिवे, हे सर्व्हरच्या जागी कोयते काय लिहिलंय?’’

मी शेवगावची सगळी हकिकत सांगितली, शेंगोळ्यांसकट. मग ते म्हणाले, ‘‘म्हणजे चूक तुमचीच होती.’’

‘‘माझीच.’’

‘‘आणि सापडलीही तुम्हालाच.’’

‘‘गयाबाईंना सापडली. मी फक्त जेवत होतो.’’

ते हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. ‘‘मास्तर मंजूर. जुन्या अहवालातलं ते वाक्य तुम्हाला लागलंय, मला माहीत आहे. काय करू त्याचं? खोडू?’’

आता खोडा म्हणणं सोपं होतं. पण समोरच्यानं पहिला आकडा दिला की लगेच हो म्हणायची मला सवय नाही. ‘‘खोडू नका,’’ मी म्हणालो. ‘‘फक्त ‘कमी’ काढा. ‘उत्तम’ घाला.’’

‘‘उत्तम? दुसरं पान न वाचता? ‘बरा’ घालतो.’’

‘‘बरा म्हणजे आजारी माणसाला म्हणतात. ‘चांगला’ करा.’’

‘‘‘बरा’.’’

‘‘दोन गावं, चार दिवस, एप्रिलचं ऊन. ‘चांगला’.’’

‘‘इंजिनिअरनं तीनदा सांगूनही ऐकलं नाही. ‘बरा’.’’

माणूस तयारीचा निघाला. मी थोडा खाली आलो, ते थोडे वर आले, आणि शेवटी ‘बऱ्यापैकी’वर सौदा जमला. आता दप्तरात असं आहे : ‘खरेदीत घासाघीस जास्त, अभ्यास बऱ्यापैकी.’ वाक्याच्या पहिल्या अर्ध्याला मी त्यांना हात लावू दिला नाही.